निळ्याशिवायचा हिरवा

हरबा, तुला जाऊन महिना होत आला. जाताना आपलं भांडण तू अर्ध्यावर टाकून गेलास, ते मला एकट्याला मिटवावं लागलं. मिटवलं, आणि त्यात मी हरलो. हे तुला समोर बसवून सांगायला हवं होतं, कारण बारा वर्षांत मी तुझ्यापुढे एकदाही हरलो नव्हतो. निदान माझी तशी समजूत होती.

भांडण कशाचं, तर मुठीत मावेल एवढ्या एका खेळण्यातल्या मोटारीचं. हिरव्या. तिचा जुना रंग खरवडून नवा द्यायचा, हे तुझं म्हणणं. त्या रंगाला बोट लावायचं नाही, हे माझं. रेवदंड्यात माणसं माडाच्या झावळीवरून भांडतात, मासळीच्या वाट्यावरून भांडतात. आपण दोघे चाळिशी उलटलेले बाप्ये, एक शाळेतला ड्रॉइंग मास्तर आणि एक होड्या रंगवणारा रंगारी, मोटारीच्या रंगावरून दोन-दोन दिवस अबोला धरायचो. आमची ही म्हणायची, "तुम्हा दोघांना एकेक पाळणा टांगून देते, म्हणजे सुटले."

तुझ्या तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी गोदावहिनी आल्या. हातात तो बिस्किटांचा पत्र्याचा डबा. डबा ओट्यावर ठेवला, पदराने चेहरा पुसला आणि थेट कामाचं बोलल्या.

"सुंदरी येनार हाय म्हसळ्यावरनं, पंधरा दिसांनी. गाड्या सगळ्या लेकीला द्यायच्या, असं त्यांनी सांगून ठेवलेलं. बाकीच्या तयार हायेत. ही हिरवी तेवढी तुमच्या दोघांत अडकली हाय. काय ते ठरवा नि द्या."

"वहिनी, हरबाचं म्हणणं होतं की..."

"मला त्यातलं काय कळत न्हाय मास्तर. दोघं व्हता तवा न्हाय मिटलं. आता एकटे हाव तर मिटंल."

असा तुझ्या बायकोने माझ्या गळ्यात पंधरा दिवसांचा न्याय बांधला. मोटार माझ्या टेबलावर आली. रोज शाळेतून आलो की मी तिच्यासमोर बसायचो, ती माझ्याकडे बघायची आणि मी तुझ्याशी बोलायचो. ही स्वयंपाकघरातून विचारायची, "कोण आलंय?" मी म्हणायचो, "हरबा." ती बशीत दोन बिस्किटं जास्त ठेवायची.

तुझी-माझी ओळखही रंगावरूनच झाली होती. मी नवा बदलून आलेलो. शाळेची पाटी मी स्वतः रंगवली, अक्षरं अशी झकास वठवली की हेडमास्तरांनी दोनदा वाचली. तू रस्त्याने चालला होतास. थांबलास, मान वाकडी करून बघितलंस आणि म्हणालास, "अक्षर ब्येस हाय. पन हा रंग खारा वारा दिवाळीपत्तुर खाऊन टाकील." मला राग आला. दिवाळीला शाळेच्या नावातला 'शा' गेला, 'ळा' तेवढा राहिला, आणि मी तुला शोधत किनाऱ्यावर आलो. तू एका मचव्याच्या बुडाखाली उताणा पडून रंग लावत होतास. माझ्याकडे न बघता म्हणालास, "या मास्तर. कंचं अक्षर गेलं?"

त्या संध्याकाळी तू मला घरी नेलंस आणि हा डबा दाखवलास. देश स्वतंत्र झाल्यावर अलिबागच्या एका बंगल्यातलं साहेबाचं कुटुंब विलायतेला गेलं, नव्या मालकाने बंगला रंगवायला तुला बोलावलं, आणि माळ्यावरची अडगळ फेकायला काढली त्यात तुला हा सापडला. आत अकरा मोटारी. काही पत्र्याच्या, चावी दिली की पळणाऱ्या, म्हणजे कधी काळी पळणाऱ्या. काही ओतीव, जड. कुणाला चाकं नाहीत, कुणाचं टप चेपलेलं, सगळ्यांचे रंग पोपडे धरून उडालेले. धड अशी एकच. ही हिरवी. रंग थोडा मळलेला, पण एकसंध, खोल, सावलीतल्या पानासारखा.

आणि मी तोंड उघडलं. अजून आठवतं मला ते, हरबा, आणि आता आठवलं की कानशिलं तापतात. मी ती गाडी उजेडात धरली आणि तुला, तुझ्याच घरात, तुझ्याच चटईवर बसून शिकवलं. "हा बघ विलायती हात. रंगाची खोली बघ. कुठे ओघळ नाही, कुठे ब्रशाची रेघ नाही. आपल्याकडे कुणाच्या बापाला जमणार नाही असं काम." तू माझ्याकडे बघितलंस, गाडीकडे बघितलंस, आणि म्हणालास, "व्हय मास्तर." वहिनी चहा घेऊन येत होत्या, त्या दारातूनच परत फिरल्या. मला वाटलं, साखर आणायला गेल्या.

मग आपले रविवार सुरू झाले. सुकवायला ओढलेल्या मचव्याच्या सावलीत गोणपाट पसरायचं, आणि एकेक मोटार घ्यायची. रेवसची लाँच धरून तू रंग आणायला मुंबईला जायचास, भाऊच्या धक्क्यावर उतरून भंगारवाल्यांच्या गाड्या धुंडाळायचास, आणि येताना खिशात चार चाकं, एखादी स्प्रिंग, घड्याळाची दोन दातेरी चक्रं असायची. एकदा मीही हौसेने तुझ्याबरोबर आलो आणि धरमतरच्या तोंडाशी लाँच डोलायला लागली तसा सबंध प्रवास कठड्याला ओणवा होतो. तू माझी टोपी धरून उभा होतास. तेव्हापासून तू मला "दर्यावर्दी मास्तर" म्हणायला लागलास, आणि ते शाळेतल्या पोरांपर्यंत पोचवलंसही.

काम करायची तुझी एक रीत होती, नि ती होडीची होती. आधी जुना रंग पार खरवडायचा. मग पोच्यांत लांबी, म्हणजे रंगाऱ्याची पुट्टी, भरून पॉलिशपेपरने घासायचं. मग बेलतेलात, म्हणजे उकळलेल्या जवसाच्या तेलात, कालवलेल्या शेंदराचा एक हात, म्हणजे पत्र्याला खारी हवा लागत नाही. त्यावर रंग. आणि रंग सुद्धा खालून वर. "पयलं प्वाट, मंग पाठ," तू म्हणायचास. "वरनं समदेच बघतात. दर्या खालनं बघतो."

इथवर ठीक होतं. पण तू प्रत्येक मोटारीला, चाकांच्या जरा वर, एक पांढरी रेघ मारायचास. सगळीकडून, एका उंचीवर. मचव्याला मारतात तशी, पाणी कुठवर येतं ती. रेघेच्या खाली काळं, वर रंग. तीन मोटारी होईपर्यंत मला ते उमगलंच नाही. उमगलं तेव्हा मी डोक्याला हात लावला.

"हरबा, ही मोटार आहे. ही पाण्यात जात नाही."

"खाडीवर पूल न्हाय मास्तर. कोर्लईला जायाचं झालं तर कशी जानार ही?"

"होडीत घालून."

"मंग भिजंलच की."

एका निळ्या गाडीच्या बॉनेटवर तू 'दर्याराज' असं नाव टाकलंस, दोन्ही बाजूंना, पुढच्या अंगाला. मी म्हटलं, ही कुठल्यातरी लॉर्डाची गाडी असेल. तू म्हणालास, आसंल, आता आपल्या बंदरातली हाय. मी तुझ्या प्रत्येक मोटारीत खोड काढली. रेघ वाकडी, लाल भडक, पिवळा कावीळ झाल्यासारखा. आणि प्रत्येक वेळी डब्यातली हिरवी काढून तुझ्या नाकासमोर धरली. हिला बघ, म्हणायचो. हिला बघून शीक.

तू बघायचास. नंतर चंची काढून पान लावायचास.

अकरातली एक आपण देवाला दिली, ते लोकांना सांगितलं तर पटणार नाही. ती गोल टपाची लहान गाडी. शेंदराचा हात देऊन तू ती वाळायला पिंपळाच्या पारावर ठेवलीस, मारुतीच्या शेजारी, कारण तिथे वारा चांगला. दोन दिवस तू बोटी रंगवण्यात गुंतलास. तिसऱ्या दिवशी जाऊन बघतो तर गाडीला रुईची माळ, समोर खोबऱ्याचा तुकडा, आणि वरून तेल. शेंदूर लावला की दगडाचा देव होतो म्हणतात, तिथे तर मोटारीचा झाला. मी म्हटलं, उचल, आपली वस्तू आहे. तू दोन पावलं मागे सरलास.

"आता कशी आपली? लोकांनी हात जोडले तिला."

"अरे पण आत मोटार आहे."

"मारुतीच्या आत तरी काय हाय, दगूडच की." आणि वर मलाच समजावलंस, "एक ऱ्हाऊ दे मास्तर. गावच्या गाड्यांवर नजर ठेवील." अजून आहे ती तिथे. शनिवारी तेल मिळतं. गेल्या आठवड्यात मी गेलो होतो, तिला नमस्कार केला. तुझ्यासाठी केला, तिच्यासाठी नाही. पण केला खरा.

मग अलिबागला शाळांचं हस्तकलेचं प्रदर्शन भरलं. महाराष्ट्र राज्य झालं त्याच्या पुढच्या वर्षी. मी हट्टाने आपल्या मोटारी नेल्या. नऊ गाड्या अर्धगोलात, आणि मधोमध, उंच पाटावर, हिरवी. तिच्यापुढे माझ्या सुंदर अक्षरात कार्ड: 'मूळ विलायती रंग. अत्यंत दुर्मिळ.' बाकीच्यांपुढे एकच कार्ड: 'स्थानिक दुरुस्ती.' तू धुतलेलं धोतर नेसून आला होतास, डोक्याला तेल लावून. लोक यायचे, मी छडी घेऊन हिरवीचं वर्णन करायचो, आणि शेवटी तुझ्याकडे छडी वळवून म्हणायचो, "आणि या बाकीच्या आमच्या या रंगाऱ्याने आपल्या परीने केलेल्या." लोक तुझ्याकडे बघून हसायचे. तूही हसायचास. दिवसभर उभा होतास तू, हरबा. आपल्या परीने.

परत येताना एस.टी.त तू पहिल्यांदा म्हणालास, "ती हिरवी मी खरवडतो मास्तर."

तिथून भांडण लागलं ते दोन वर्षं चाललं. तू म्हणायचास, नाव जुनी झाली की रंग काढायचाच, लाड करायचे न्हाईत. मी म्हणायचो, मूळ रंग गेला की वस्तूचा जीव गेला. तू कधी नव्हे ते हात जोडलेस, "तेवढी एक माझ्यावर सोडा." मी अडून बसलो. सगळ्या गाड्या तू आपल्या मनासारख्या केल्यास, ही एक तरी जशी आहे तशी राहू दे, हेवा वाटतो का तुला त्या विलायती कारागिराचा? हे मी बोललो. तुझ्या जाण्याच्या चार दिवस आधी बोललो, तुझ्याच ओट्यावर. आणि शेवटी म्हणालो, "हिला हात लावलास तर मी या घराची पायरी चढणार नाही." तू चंची काढून पान लावायला घेतलंस. पाचव्या दिवशी सकाळी तू मचव्याला टेकून बसलास, ब्रश हातात, आणि तसाच गेलास. मी पायरी चढलो ती तुला खांदा द्यायला.

म्हणून बारा दिवस त्या मोटारीसमोर बसून मी ठरवलं की बस झालं. तुझं म्हणणं खरं करायचं. गेलेल्या माणसाशी कसला वाद घालायचा? मी तुझीच पटाशी घेतली, मागच्या मडगार्डच्या कडेला, चटकन नजरेत येणार नाही अशा जागी टेकवली, आणि डोळे बारीक करून एक ओढ दिली. नखाएवढा हिरवा निघाला.

खाली शेंदूर.

मी आधी पटाशी खाली ठेवली. मग चष्मा पुसला. विलायतेतल्या कारखान्यात बेलतेलात शेंदूर कालवत नाहीत, हे कळायला ड्रॉइंग मास्तर असावं लागत नाही. मी गाडी उलटी केली. बारा वर्षांत मी ती उलटी करून कधी बघितली नव्हती. पोट काळं, एकसारखं, वरच्या पाठीपेक्षाही निगुतीने रंगवलेलं. पयलं प्वाट.

चपला न घालताच मी तुझ्या घरी गेलो. वहिनी चुलीपुढे होत्या. गाडी बघून म्हणाल्या, "कळलं व्हय?"

"ही हरबाने रंगवलेली?"

"ती तर पयली. सुंदरीला गोवर आल्याला तवाची. आठ दिस अंथरुणात, आन कायम किरकिर. ह्यांनी तिला ही करून दिली. रेघ मारायला घेतली तर पोर रडायला लागली, बाबा, हिची व्होडी नको करू. म्हनून बिनरेघेची." त्यांनी विस्तव मागे ओढला. "पोर दोन वर्सं खेळली तिच्याशी, तवा मळली. पन रंग न्हाय गेला."

"मग त्याने मला सांगितलं का नाही?"

"तुमी पयल्याच दिशी बाप काढला. मंग काय सांगनार? तुमी गेलाव नि हे आडवे पडून हसले. मी म्हटलं सांगा, तर म्हनाले, मास्तरनं एवढं वाखानलं, आता मोडायचं कशाला. दर आयतवारी येऊन सांगायचे, आज पुना विलायतेची तारीफ केली. खूश असायचे वो." मग म्हणाल्या, "अलिबागवरनं आले तवा न्हाय हसले. म्हनाले, गावभर झालं आता. उद्या कुनी पारखी भेटला तर मास्तरची शोभा व्हईल. त्यापरीस खरवडलेली बरी."

तर असं होतं ते. तुला तुझा रंग पुसायचा होता तो माझी अब्रू राखायला. आणि मी तुला हेवेखोर म्हटलं.

हरबा, मी आयुष्यात कुठल्याच रंगाची एवढी स्तुती केलेली नाही. सगळी तुझीच होती आणि एकही शब्द तुझ्या नावाने नव्हता. ती तू ऐकत होतास, हसत होतास, घरी जाऊन सांगत होतास, याचं मला किती बरं वाटतं ते सांगता येत नाही. नऊ गाड्यांना मी नावं ठेवली त्याचं काय करू? रेघ वाकडी नव्हती. एकही वाकडी नव्हती. तू गेल्यावर पट्टी लावून बघितली मी.

आता तो नखाएवढा डाग बुजवायला हवा होता. म्हटलं, हे तर माझं काम. निळा आणि पिवळा मिळून हिरवा, हे मी शेकडो पोरांना शिकवलंय. तुझ्या डब्यांतून निळा घेतला, पिवळा घेतला. पोपटी झाला. निळा वाढवला, तर मोरपंखी. सहा वेळा लावला, सहा वेळा पुसला. सातव्या वेळी वहिनी डोकावल्या आणि म्हणाल्या, "निळा कशाला? त्यांनी पिवडीत काजळी घातलेली. निळा घरात व्हताच कुठं तवा."

पिवळ्यात काळा घातला की असा हिरवा होतो, हे मला बावन्नाव्या वर्षी चुलीपाशी उभं राहून कळलं. मी काजळी घातली. बराच जवळ आला. तुझा नाही आला, पण जवळचा आला. सुंदरी दोन दिवसांवर आली होती. मी डाग भरला आणि तो वाळला असं ठरवून टाकलं.

सुंदरी आली, कडेवर तीन वर्षांची लेक. मी तिला सगळं सांगितलं, काहीही न गाळता, कार्डापर्यंत. ती डोळे पुसत होती नि हसत होती, तुझ्यासारखीच, आधी खांदे हलतात आणि मग आवाज येतो. गाडी हातात घेऊन तिने अंगठा फिरवला तो नेमका डागावर थांबला. "हे बाबांचं न्हाय," म्हणाली. मी म्हटलं, ते माझं. "ऱ्हाऊ दे," म्हणाली, "दोघांचं व्हईल."

तेवढ्यात तिच्या लेकीने गाडी ओढून घेतली आणि चिऱ्याच्या पायरीवर आपटली. एकदा, दोनदा. मी धावलो. सुंदरीने माझा हात धरला.

"खेळू दे मास्तर. बाबांचा रंग हाय, जात न्हाय."

आणि खरंच, हरबा, तुझा रंग कुठे हलला नाही. माझा तेवढा उडाला.